एक्कावन्न गेम, एक गलोल आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी अँग्री बर्ड्स या मोबाइल गेमचा (गलोलीने चिडके पक्षी फेकून डुकरांचे वाडे पाडायचा तो) जाता जाता एका ओळीत उल्लेख केला होता, की हा गेम बनवणारी रोव्हिओ ही फिनलंडची एक छोटी कंपनी होती आणि तो त्यांचा ५२वा गेम होता. बस, एवढंच. पण त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि हा अख्खा कॉलम त्यालाच दिला. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं घातलेली नाहीत, ज्याचं त्याला कळेलच.

प्रश्न : मोबाइलवर एक मोटिव्हेशनल मेसेज फिरतोय की अँग्री बर्ड्सवाली कंपनी ५१ वेळा फेल झाली आणि ५२व्या वेळी जिंकली. आमच्या सरांनी वर्गात पण हेच सांगितलं. खरंय का?

आकडा बरोबर आहे, गोष्ट चुकलीये. आणि सरांना हे जरा हळूच सांगा.

५१ गेम केले म्हणजे ५१ वेळा तोंडावर पडले असं नाही हो. त्यातले बरेचसे गेम दुसऱ्यांसाठी केलेलं काम होतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, नॅमको, रिअल नेटवर्क्स असल्या मोठ्या कंपन्या सांगणार की अमुक गेम मोबाइलवर हवाय, हे करून देणार, बिल लावणार, पैसे घेणार. नोकियासाठी पण काम केलं, एन९०० फोनवरचा बाउन्स इव्होल्यूशन यांचाच. शिंप्याकडे कपडे शिवायला टाकतो तसं आहे हे, शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला म्हणून शिंपी फेल झाला असं आपण म्हणतो का? मधे मधे स्वतःचे पण गेम काढले, डार्केस्ट फिअर नावाचा एक भीतीदायक गेम २००५ चा आहे, पण घर चालायचं ते दुसऱ्याच्या कामावर.

आणि ते काम काय असायचं ते बघा. २००५-०६ चा काळ, टच स्क्रीन नाही, अ‍ॅप स्टोअर नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारे गेम. एका फोनची स्क्रीन १२८ बाय १२८, दुसऱ्याची १७६ बाय २०८, एकाचं बटण इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, एकात आवाज नीट वाजतो आणि दुसऱ्यात वाजवायला गेलं की गेम लटकतो. नोकियाच्या साध्या फोनमध्ये तर सुरुवातीला अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागायचा, चित्रं, आवाज, कोड सगळं धरून. आज कोणी फॉरवर्ड केलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. म्हणजे गेम बनवायला जेवढा वेळ जायचा त्याच्या कितीतरी पट वेळ तो वेगवेगळ्या हँडसेटवर बसवण्यात जायचा, आणि एवढं करून तो विकायचा कोण, तर मोबाइल ऑपरेटर. त्याच्या मेन्यूत वरच्या पानावर तुमचा गेम आला तर विकला जाणार, खाली गेला तर संपलं.

अशा धंद्यात मार्जिन किती असणार. २००९ उजाडेपर्यंत कंपनी बुडायच्या बेतात होती, ५० माणसं होती ती १२ वर आली. म्हणजे संकट होतं, खरं होतं, पण ते "५१ वेळा प्रयत्न केला आणि हरले" असलं नव्हतं, धंद्याचं गणितच बसत नव्हतं. दोन्हीत फार फरक आहे. मला विचाराल तर त्या ५१ गेममध्ये त्यांचा हात इतका बसला होता की ५२वा करताना कुठलं काय काढून टाकायचं हे त्यांना कळत होतं. मेसेज बनवणाऱ्याला अर्थातच हे नको असतं, त्याला फक्त आकडा हवा असतो.

प्रश्न : सुरुवात कशी झाली? तीन कॉलेजची पोरं होती असं ऐकलंय. आणि फिनलंडच का?

बरोबर ऐकलंय. निकलास हेड, यार्नो व्याकेव्याइनेन आणि किम डिकर्ट, हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकणारी तीन पोरं. २००३ मध्ये असेंब्ली नावाच्या मेळाव्यात मोबाइल गेमची स्पर्धा होती, नोकिया आणि एचपीने भरवलेली, त्यात यांनी "किंग ऑफ द कॅबेज वर्ल्ड" म्हणजे कोबीच्या जगाचा राजा असला अतरंगी नावाचा गेम करून पहिला नंबर काढला. खास गोष्ट अशी की तो एकाच वेळी अनेकांनी खेळायचा गेम होता, फोनवरून, २००३ ला! त्या वेळी एचपीत असलेला पीटर वेस्टरबाका त्यांना म्हणाला की कंपनी काढा, आणि यांनी काढली. नाव रिल्यूड. २००५ मध्ये बाहेरचा पहिला पैसा आला तेव्हा नाव बदलून रोव्हिओ केलं. फिनिश भाषेत रोव्हिओ म्हणजे पेटवलेला लाकडांचा ढीग, सरळ चिता म्हणा ना. पुढची चार वर्षं बघता नाव जरा जास्तच लागू पडलं.

फिनलंडच का, याला दोन उत्तरं. एक नोकिया, हे सगळ्यांना माहीत असतं. १९९७ ला नोकिया ६११० फोनवर साप (स्नेक) हा गेम आला आणि फोनवर गेम खेळतात हे जगाला कळलं, आणि फोन जिथे बनतात तिथे फोनचं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं पण तयार होतातच. दुसरं उत्तर कमी लोकांना माहीत असतं, ते म्हणजे डेमोसीन. हे असेंब्ली १९९२ पासून चालू आहे, तिथे पोरं आपापले कॉम्प्युटर उचलून घेऊन येतात आणि कमीत कमी मेमरीत जास्तीत जास्त भारी चित्रं-संगीत करून दाखवायची चढाओढ लागते. आता ६४ केबीत गेम बसवायचा असेल तर असल्या पोरांपेक्षा बरा माणूस कुठे मिळणार?

एक गंमत सांगतो. त्यांचा तो पहिला कोबीवाला गेम त्यांनी सुमेआ नावाच्या दुसऱ्या फिनिश स्टुडिओला विकला, तिथून तो "मोल वॉर" नावाने बाजारात आला. त्या सुमेआच्या संस्थापकांपैकी एक इल्का पानानेन. याच माणसाने पुढे २०१० मध्ये सुपरसेल काढली, क्लॅश ऑफ क्लॅन्सवाली. हे नाव लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

प्रश्न : गलोलीने दगड मारून किल्ला पाडायचा, यात नवीन काय होतं? असले गेम आधी पण होते की.

होते ना. क्रश द कॅसल हा कॉम्प्युटरवरचा फ्लॅश गेम २००९ मध्येच, यांच्या आधी आलाय, त्यात पण दगड फेकून वाडे पाडायचे. कल्पना नवीन नव्हती हे मान्यच.

पण हा गेम कल्पनेवरून सुरूच झाला नव्हता, चित्रावरून झाला. २००९ च्या सुरुवातीला त्यांचा डिझायनर याको ईसालो याने एक चित्र काढून आणलं, गोल गोल पक्षी, पंख नावाला, पाय नाहीत, जाड भुवया आणि तोंडावर राग. गेम काय, नियम काय, कशाचाच पत्ता नाही, पण ऑफिसात सगळ्यांना ते पक्षी आवडले. एवढे का चिडलेत हे बघायला तरी गेम करूया असं झालं. गलोल नंतर आली. पक्ष्यांना पाय नाहीत, उडता येत नाही, मग त्यांना पोचवायचं कसं, तर फेका!

आता गेम उघडा आणि नीट बघा. बोट ठेवलं, मागे ओढलं, सोडलं. कोणी शिकवावं लागत नाही, रबर ताणला की काय होतं हे हाताला माहीत असतं. पक्षी गेला की त्याच्या मागे हवेत पांढऱ्या ठिपक्यांची रेघ राहते आणि पुढचा पक्षी लावेपर्यंत ती तशीच असते. ती रेघ म्हणजे या गेमचा जीव आहे असं मला वाटतं. कारण ती सांगते की मगाशी तू इतकं ओढलं होतंस, आता केसभर कमी ओढ. चूक कुठे झाली हे डोळ्यासमोर लटकत असतं, मग माणूस फोन खाली ठेवेल कसा? आणि हरलात तर डुक्कर हसतं. समोरचा हसला की आपण परत खेळतोच, हे भांडणाचं शास्त्र आहे. परत सुरू व्हायला वेळ पण लागत नाही, एक बटण दाबलं की गलोल तयार. लोडिंग कमी, सूचना नाहीत, एक मिनिट मिळालं तरी खेळता आला पाहिजे हे त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि त्यासाठी आठ महिने घासत बसले. निकलासची आई ख्रिसमसला हा गेम खेळत बसली आणि ओव्हनमधली टर्की करपली, हा किस्सा त्याने स्वतः सांगितलाय. जी बाई कधी गेम खेळत नाही तिची टर्की करपली म्हणजे आपलं जमलं, असं त्याला वाटलं.

अजून एक. लाकूड कसं मोडतं, काच कशी फुटते, दगड कसा गडगडतो हे सगळं गणित रोव्हिओने स्वतः लिहिलेलं नव्हतं. ते बॉक्स२डी नावाचं फुकट मिळणारं फिजिक्स इंजिन आहे, एरिन कॅटो नावाच्या प्रोग्रामरने लिहिलेलं. त्याचं लायसन्स इतकं ढिलं की नाव द्यायची पण सक्ती नाही, आणि यांनी दिलं पण नव्हतं. मग २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वर उल्लेख केलेला वेस्टरबाका स्टेजवर होता (तो आता रोव्हिओत आला होता, लाल हुडी घालून फिरायचा), प्रश्नोत्तरात एक माणूस उठला आणि विचारलं, तुम्ही कुठलं फिजिक्स इंजिन वापरता? बॉक्स२डी. बरं, मग त्याचं क्रेडिट गेममध्ये द्याल का? देऊ की. थँक्यू, मीच एरिन कॅटो. सभागृहात काय झालं असेल विचार करा!

प्रश्न : मग गेम आला आणि एका रात्रीत हिट झाला, असंच ना?

छे हो. २००९ च्या डिसेंबरमध्ये आयफोनवर आला, ९९ सेंटला, आणि इंग्लंड-अमेरिकेत कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण इथे या लोकांनी डोकं लावलं. फिनलंडच्या अ‍ॅप स्टोअरवर पहिला नंबर यायला दिवसाला काही शे डाऊनलोड पुरतात, देशच लहान. मग तिथे पहिला, मग स्वीडन, मग ग्रीस, झेक अशा छोट्या छोट्या देशांत वर चढायचं, आणि ते सगळं घेऊन मोठ्या दारावर जायचं की बघा, इतक्या ठिकाणी पहिला नंबर आहे. ब्रिटनमधली चिलिंगो ही प्रकाशन कंपनी सोबत घेतली होती, तिच्या ओळखीने २०१० च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या अ‍ॅप स्टोअरच्या पहिल्या पानावर अ‍ॅपलने गेम लावला. त्याच वेळेला नवीन लेव्हल, यूट्यूबवर व्हिडिओ आणि एक फुकट छोटी आवृत्ती, सगळं एकदम सोडलं. गेम कुठेतरी सहाशेच्या आसपास पडलेला होता तो काही दिवसांत एक नंबरला. अमेरिकेत पहिला नंबर यायला एप्रिल उजाडला.

म्हणजे ऑपरेटरच्या मेन्यूत वरच्या पानावर यायला धडपडणारी जी माणसं होती, तीच आता अ‍ॅपलच्या पहिल्या पानासाठी धडपडत होती. खेळ तोच, दार बदललं. फरक पैशात होता, आता विक्रीतले ७० टक्के बनवणाऱ्याच्या बाजूला राहात होते. आणि गेमला खर्च किती आला होता, तर साधारण १ लाख युरो.

प्रश्न : रोव्हिओला इंडी (म्हणजे स्वतंत्र, कुणाच्या हाताखाली नसलेला स्टुडिओ) म्हणायचं का? गुंतवणूकदार होते, शेअर बाजारात पण गेले. इंडी म्हणजे दोन मित्र आणि एक लॅपटॉप, नाही का?

व्याख्येवरून वाद घालायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. मी सोपं धरतो, कुठला गेम काढायचा आणि कधी काढायचा हे दुसरा कुणी ठरवत नसेल तर इंडी. त्या हिशोबाने कंत्राटी कामं करणारी २००७ ची रोव्हिओ कमी इंडी होती आणि २०१० ची जास्त, गंमत आहे की नाही!

मालकी सगळी घरातच होती. निकलासचा चुलतभाऊ मिकाएल हा सीईओ आणि मिकाएलचे वडील काय हेड हे सगळ्यात मोठे मालक, जवळजवळ ७० टक्के. (हो, नावच "काय". आपल्या लोकांना हे वाक्य दोनदा वाचावं लागणार.) बापलेकांचं मधे बिनसलं होतं, मिकाएल कंपनी सोडून गेला होता, २००९ ला परत आला आणि त्याच वर्षी हा गेम. २०११ मध्ये ४ कोटी २० लाख डॉलरची गुंतवणूक आली, आणि त्याच वर्षी बातमी आली की झिंगा या अमेरिकन गेम कंपनीने २२५ कोटी डॉलर देऊ केले होते आणि यांनी नाही म्हटलं. आकडा लक्षात ठेवा.

मग २०१२. कमाई १५ कोटी २० लाख युरो, आणि त्यातले सुमारे ४५ टक्के गेममधून नाही, तर टी शर्ट, खेळणी, बाहुल्या यांतून. टॅम्पेरेला थीम पार्क निघालं. सगळे म्हणायला लागले की ही पुढची डिस्ने. आणि नेमकं त्याच वर्षी बाजार पायाखालून सरकला. सुपरसेलचा क्लॅश ऑफ क्लॅन्स आला, किंग कंपनीचा कँडी क्रश मोबाइलवर आला, दोन्ही फुकट. आत हवं तेव्हा पैसे टाका. ९९ सेंट एकदाच देणारा गिऱ्हाईक आणि रोज थोडे थोडे देणारा गिऱ्हाईक, यात दुकान कुणाचं चालणार? सुमेआवाला पानानेन परत आला तो असा. रोव्हिओ बाहुल्या विकत राहिली. २०१४ मध्ये शंभराच्या वर माणसं कमी केली, २०१५ मध्ये अजून दोनशेच्या वर. फुकट मॉडेलवरचा अँग्री बर्ड्स २ आला तो २०१५ च्या जुलैत, म्हणजे तीन वर्षं उशिरा. २०१६ चा सिनेमा मात्र चालला, जगभर ३५ कोटी डॉलरच्या आसपास, त्या जोरावर २०१७ ला शेअर बाजारात उतरले, साडेअकरा युरोला शेअर, कंपनीची किंमत ९० कोटी युरोच्या जवळ, आणि पाच महिन्यांत नफ्याबद्दल इशारा दिला तर शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर!

२०२३ मध्ये रोव्हिओ जपानच्या सेगा या गेम कंपनीने ७० कोटी ६० लाख युरोला घेतली. आता तो मगाचा २२५ कोटीचा आकडा आठवा. नाही म्हणताना चुकले का, तर मला तसं वाटत नाही, कारण झिंगाचे स्वतःचे शेअर पुढे कसे आपटले ते पण जगाने बघितलंय. पण हातात एकच हुकमाचा पत्ता असताना तो टोपीवर, मगवर, पार्कवर सगळीकडे छापायचा आणि गेम कसे विकले जातात इकडे दुर्लक्ष करायचं, ही चूक मात्र त्यांचीच. ५१ गेम करताना जी भूक होती ती ५२व्याने मारली असं माझं मत आहे, पटलं नाही तर लिहा.

प्रश्न : तो पहिला जुना अँग्री बर्ड्स प्ले स्टोअरवर का सापडत नाही?

जुने गेम २०१९ मध्ये काढून टाकले, लोक ओरडले, मग २०२२ च्या मार्चमध्ये पहिला गेम नव्याने बांधून परत आणला, एकदा पैसे भरा आणि खेळा, जाहिरात नाही, आत खरेदी नाही. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो अँड्रॉइडवरून परत काढला, आयफोनवर नाव बदलून "रेड्स फर्स्ट फ्लाइट" केलं. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं, याच्यामुळे आमच्या बाकीच्या गेमवर परिणाम होतोय. म्हणजे लोक अँग्री बर्ड्स शोधायचे आणि रोज पैसे देणाऱ्या गेमऐवजी एकदाच पैसे देणारा उचलायचे. स्वतःचाच जुना गेम स्वतःच्या नव्या गेमला नडला.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र मिळून मोबाइल गेम बनवतोय. एका कंपनीचं काम आलंय, ते घेतलं तर आमचा गेम मागे पडेल. घ्यावं का?

घ्या, पण आठवड्यातला एक दिवस आपल्या गेमला बांधून ठेवा आणि तो कुणाला देऊ नका. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हाफब्रिक नावाचा स्टुडिओ आहे, २००१ चा. कित्येक वर्षं दुसऱ्यांसाठी निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवगैरेवर सिनेमा-कार्टूनचे गेम करून देत होते, मग शुक्रवारी स्वतःच्या कल्पना मांडायच्या असं सुरू केलं, "हाफब्रिक फ्रायडेज". त्यातून २०१० च्या एप्रिलमध्ये फ्रूट निंजा आला, फळं कापायचा. परत तेच, बोट फिरवा, दुसरं काही नाही. दुसऱ्याच्या कामातून भाडं निघतं आणि मुदतीत माल द्यायची सवय लागते, तुमच्या वयात ही सवय फार कामाची. फक्त करारात एक ओळ नीट वाचा, तुम्ही लिहिलेला कोड नंतर स्वतःच्या गेममध्ये वापरता येणार की तो पण त्यांचा. ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

प्रश्न : काका, डुकरंच का? (वय वर्षं ९)

कारण बाळा, २००९ मध्ये हा गेम बनत होता तेव्हा जगभर स्वाइन फ्लू पसरला होता, म्हणजे डुकरांच्या नावाचा ताप. बातम्यांत रोज तेच. पक्ष्यांना कुणीतरी शत्रू हवा होता आणि तेव्हा सगळेच डुकरांवर चिडलेले होते. हिरवी का, ते मात्र तूच ठरव.